हिशेबाची वही : फोन रोख घ्यावा की हप्त्याने?



या महिन्यात टेबलावर आलेल्या पत्रांमध्ये दोन पत्रे मोबाइल फोनच्या खरेदीविषयी आहेत. एक मालेगावहून, एक दापोलीकडून. प्रश्न वरवर सारखा वाटतो, पण उत्तर अगदी वेगळे निघते, म्हणून दोन्ही घेते.

मालेगावची भगिनी लिहिते : “मुलगा बारावी झाला, डिप्लोमाला प्रवेश मिळाला. कॉलेजचे सगळे काम फोनवर चालते. त्याने १८,००० रुपयांचा फोन पसंत केला आहे. दुकानदार म्हणतो, झिरो टक्के व्याज, सहा महिने ३,००० रुपये भरा. आमच्याकडे कार्ड नाही. दीर म्हणतात, माझ्या क्रेडिट कार्डावर घ्या. हे नको असेल तर दुकानातच फायनान्सवाला बसतो, तो आधार आणि पॅनवर करून देतो. घरात आठवड्याचा पगार येतो. काय करावे?”

आधी ‘झिरो टक्के’ म्हणजे काय ते पाहू. पैसे वापरायला देऊन त्याचे काहीच न घेणारी बँक अजून जन्माला यायची आहे. रिझर्व्ह बँकेने तर १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात स्पष्टच सांगितले की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वात नाही आणि व्याज प्रक्रिया शुल्काच्या आड लपवू नये. त्यानंतर पाट्यांवरची भाषा बदलली, ‘नो कॉस्ट ईएमआय’ असे नाव आले. आत यंत्र असे चालते : बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम कंपनी किंवा दुकानदार फोनच्या किमतीतून आधी कमी करतो. कमी झालेली किंमत अधिक व्याज मिळून पुन्हा मूळ किंमत होते. ग्राहकाला वाटते, व्याज लागलेच नाही.

आकड्यांत मांडते. समजा व्याज वर्षाला १५ टक्के आहे. सहा महिने ३,००० रुपये भरायचे, तर बँक कर्ज धरते साधारण १७,२३८ रुपयांचे आणि व्याज होते ७६२ रुपये. हे ७६२ रुपये दुकानाकडून ‘सूट’ म्हणून वजा झालेले असतात. इथवर बरोबरी. पण क्रेडिट कार्डावरच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो ग्राहकाच्याच माथी. म्हणजे १३७ रुपये. वर प्रक्रिया शुल्क. समजा १९९ रुपये असेल, तर जीएसटीसह २३५. एकूण ३७२ रुपये जास्तीचे गेले. फार मोठी रक्कम नाही, हे मान्य. पण तोच फोन रोख घेतला असता तर दुकानदाराकडे तीच ‘सूट’ मागायची जागा होती. तो ७६२ रुपये बँकेच्या व्याजासाठी सोडायला तयार होता, मग रोख मोजणाऱ्याला पाचशे तरी का सोडू नये? विचारून पाहावे. पुष्कळदा पैसे नाही तर काच, कव्हर तरी पदरात पडते.

हा झाला उघड खर्च. माझी खरी चिंता दिरांच्या कार्डाविषयी आहे.

कार्डावर हप्ते बांधले की तितकी मर्यादा अडकून पडते. महिन्याचा हप्ता त्यांच्या बिलात येतो आणि बिल त्यांच्या नावावर असते. तुमच्याकडून ३,००० रुपये चार दिवस उशिरा पोहोचले आणि त्यांनी बिल पूर्ण न भरता ‘किमान रक्कम’ भरली, तर उरलेल्या बाकीवर महिन्याला तीन ते पावणेचार टक्क्यांनी व्याज सुरू होते. वर्षाचा दर काढला तर तो चाळीस टक्क्यांच्या आसपास जातो. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदतही जाते, म्हणजे दिरांनी घेतलेल्या किराण्यावरही व्याज. हे सगळे तुमच्या चार दिवसांच्या उशिरामुळे झाले हे त्यांना कळते, ते बोलत नाहीत, जाऊबाई बोलतात. अशा पत्रांची माझ्याकडे कमी नाही. घेणारच असाल तर सहा महिन्यांचे अठरा हजार हातात आहेत असे समजून घ्या आणि हप्त्याची तारीख नव्हे, बिल तयार होण्याची तारीख लक्षात ठेवून आधीच पैसे द्या. आणि दोघांमध्ये लिहून ठेवा. आपल्याकडे सख्ख्या नात्यात लिहायला लाज वाटते, पण कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. त्यात नात्यागोत्यासाठी सूट ठेवलेली नाही.

आता दुकानातला फायनान्सवाला. इथे ‘झिरो’ची योजना प्रत्येक मॉडेलवर नसते. नसली की साधे कर्ज असते आणि तो दर ‘फ्लॅट’ सांगतो. फ्लॅट १२ टक्के ऐकायला बँकेसारखे वाटते. १८,००० वर वर्षाचे १२ टक्के म्हणजे २,१६० रुपये. एकूण २०,१६० झाले, बारा हप्ते १,६८० रुपयांचे. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत आहात. सहाव्या महिन्यात निम्म्याच्या आसपास रक्कम परत गेलेली असते, तरी व्याज पूर्ण अठरा हजारांवर चालू. घटत्या बाकीवर हिशेब केला तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या जवळ पोहोचतो. त्यातून काही योजनांत पहिले दोन-तीन हप्ते काउंटरवरच घेतात, म्हणजे खरे कर्ज आणखी कमी आणि खरा दर आणखी जास्त.

यावर एक चांगले हत्यार ग्राहकाच्या हातात आले आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी बँक किंवा फायनान्स कंपनीने ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. कर्जाची मुख्य माहिती असलेले हे पत्रक ग्राहकाला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे आणि त्यात एपीआर, म्हणजे सगळी शुल्के धरून वर्षाचा खरा दर, लिहिलेला असला पाहिजे. दुकानातला मुलगा फोनच्या पडद्यावर ‘इथे ओटीपी सांगा’ म्हणेल, तेव्हा ओटीपी सांगण्याआधी हे पत्रक मागा. मराठीत मागा, उर्दूत मागा, लाजू नका. त्यात विम्याची किंवा ‘स्क्रीन प्रोटेक्शन’ची रक्कम घुसवली आहे का तेही पाहा. फोनची किंमत अठरा आणि कर्ज साडेएकोणीस हजारांचे दिसले, तर मधले दीड हजार कशाचे ते विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पण या भगिनीच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य शेवटचे आहे : घरात आठवड्याचा पगार येतो.

उर्दूत हफ्ता म्हणजे आठवडा. मागावर काम करणाऱ्याचा पगार हफ्त्याने येतो आणि फोनचा हप्ता महिन्याने जातो, या दोन हप्त्यांची गाठ पडत नाही, इथेच घर अडकते. पगार रोख मिळतो, किराणा, दूध, घरभाडे यांत रोखच संपतो. फायनान्स कंपनी मात्र पैसे बँक खात्यातून ठरलेल्या तारखेला आपोआप ओढते, त्यासाठी तुमच्याकडून आधीच संमती घेतलेली असते. त्या दिवशी खात्यात ३,००० ऐवजी २,९०० असले तरी व्यवहार परत जातो. मग तुमची बँक दंड घेते आणि फायनान्स कंपनीही घेते. दोन्ही मिळून पाचशे ते हजार रुपये सहज जातात. काही वेळा कंपनी त्याच महिन्यात पुन्हा प्रयत्न करते, पुन्हा दंड. एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांवर व्याजाचा दर वाढवून दंडव्याज लावता येत नाही, दंड वेगळा दाखवावा लागतो, ही सुधारणा चांगली आहे, पण दंड बंद झालेला नाही. सहा महिन्यांत दोनदा असे झाले, तर वर काढलेला ३७२ रुपयांचा हिशेब विसरून जा. त्यात सुताला मंदी आली आणि माग आठवडाभर बंद राहिले तर काय, हे मालेगाव, भिवंडी आणि इचलकरंजीच्या भगिनींना मी सांगायला नको.

परतलेल्या हप्त्याची नोंद पतमापन कंपन्यांकडेही जाते. लोक त्याला सिबिल म्हणतात. उद्या मुलाला शैक्षणिक कर्ज लागले किंवा घरासाठी अर्ज करावा लागला, तर तीन हजारांचा चुकलेला हप्ता तिथे उभा असतो.

आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. हप्त्याने दिलेल्या काही फोनमध्ये फायनान्स कंपनी लॉकचे अॅप बसवते. हप्ता थकला की फोन बंद पडतो, फक्त तातडीचे कॉल लागतात. कर्ज फिटेपर्यंत ते अॅप काढता येत नाही. ज्या मुलाचा अभ्यास, परीक्षेचा अर्ज आणि शिष्यवृत्तीचा ओटीपी त्याच फोनवर आहे, त्याच्यासाठी ही साधी गोष्ट नाही. अॅप आहे की नाही, ते कागदावर लिहिले आहे की नाही, हे खरेदीआधी कळले पाहिजे.

व्याजाबद्दल अनेक भगिनी वेगळे विचारतात : ‘नो कॉस्ट’ घेतले तर चालते ना? फतवा देणे माझे काम नाही. हिशेब सांगणे माझे काम आहे, तो असा की कार्डाच्या स्टेटमेंटवर मुद्दल, व्याज आणि व्याजावरचा कर अशा तीन ओळी छापलेल्या असतात. दुकानाने सूट दिली म्हणून मधली ओळ पुसली जात नाही. याउलट दुकानदार स्वतःच म्हणाला, की रोख १८,००० आणि सहा महिन्यांच्या उधारीवर १९,०००, आणि तुम्ही उधारीचा भाव ठरवून घेतलात, उशीर झाला तरी तो भाव वाढणार नाही, तर ही उधारीची विक्री झाली. चारही मजहबांचे बहुतेक फुकहा अशी विक्री जायज मानतात. आपल्या आलिमांना जरूर विचारा, पण विचारताना दुकानदाराचे तोंडी बोलणे सांगू नका, कागद दाखवा. कागद न पाहता मिळालेल्या उत्तराचा काय उपयोग?

तर मग रोख. अठरा हजार एकदम कुठून आणायचे, हा प्रश्न उरतोच, आणि तो खरा आहे.

आपल्या मोहल्ल्यांत याचे उत्तर पूर्वीपासून आहे, भिशी. कोणी तिला बीसी म्हणते. बारा जणींनी महिना १,५०० रुपये टाकले की १८,००० होतात. तिसऱ्या महिन्यात नाव निघाले तर शेजारणींनी दिलेले बिनव्याजी कर्ज, अकराव्यात निघाले तर बचत. ज्या भगिनीला प्रवेशाच्या वेळी फोन हवा आहे तिने आधी सांगितले तर बहुतेक गटांत नंबर बदलून मिळतो. आठवड्याचा पगार असणाऱ्यांनी आठवड्याची भिशी करावी, ३५०-४०० रुपयांची. रक्कम घरात आली त्याच दिवशी निघून जाते, बँकेत शिल्लक ठेवण्याची कसरत नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळा. बोली लावून कमी रकमेत उचलायची भिशी वेगळी, तिच्यात सोडलेली रक्कम म्हणजे दुसऱ्या नावाने व्याजच. आणि भिशी चालवणारी ओळखीची असावी, कारण बुडाली तर दाद मागायला हातात कागद नसतो.

दुसरे, अठरा हजारांचाच फोन का? डिप्लोमाच्या मुलाला पीडीएफ वाचणे, व्हिडिओ पाहणे, अर्ज भरणे एवढे करायचे आहे. दहा ते बारा हजारांचा फोन हे सगळे करतो. कंपनी सुरक्षा अपडेट किती वर्षे देणार ते पाहावे, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल नंतर मोजावेत. उरलेल्या सहा हजारांत ड्रॉइंगचे साहित्य आणि बसचा पास बसतो. मुलाला हे पटवणे अवघड आहे, मला कल्पना आहे. त्याला हिशेबात बसवा. महिन्याचे उत्पन्न आणि खर्च त्याच्याच हाताने लिहायला लावा, बारावी झालेला मुलगा आहे तो.

वापरलेला फोन घेतला तर आणखी स्वस्त पडतो. त्यात दोन धोके असतात, चोरीचा फोन आणि कुणाच्या तरी थकलेल्या हप्त्याचा फोन. पहिल्यासाठी फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. पंधरा अंकी आयएमईआय नंबर दिसेल. इंग्रजीत केवायएम लिहून, एक जागा सोडून तो नंबर टाका आणि १४४२२ वर एसएमएस करा. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरही ही तपासणी होते. फोन काळ्या यादीत असेल तर तिथे कळते. दुसऱ्यासाठी मूळ बिल मागा आणि हप्त्याने घेतलेला असेल तर कर्ज फिटल्याचे पत्रही मागा. बिल नाही म्हणाला तर हात आखडता घ्या, फोन कितीही चकचकीत असो.

हप्ता कधीच घेऊ नये असे मी म्हणत नाही. ज्याची रोजी फोनवर चालते, पार्सल पोहोचवणारा मुलगा असो की व्हॉट्सअॅपवर शिलाईच्या ऑर्डर घेणारी भगिनी, त्याचा फोन आज बंद पडला तर भिशीच्या नंबराची वाट पाहता येणार नाही. फोन पहिल्या महिन्यापासून कमावणार असेल, तर बिनव्याजी पतसंस्था, नातेवाईक, दुकानदाराची उधारी अशा वाटा त्याने आधी पाहाव्यात.

आता दापोलीकडचे पत्र. एका वडिलांचे आहे. मुलगी पुढच्या शिक्षणासाठी एका वर्षाकरिता इंग्लंडला जाते आहे. तिथे असलेल्या नातेवाइकांनी सांगितले, फोन इथे येऊन ‘कॉन्ट्रॅक्ट’वर घे, सुरुवातीला काहीच द्यावे लागत नाही.

हा कॉन्ट्रॅक्ट आपल्याकडे फारसा रुजला नाही, म्हणून थोडे समजावते. मोबाइल कंपनी फोन आणि कनेक्शन एकत्र देते आणि बहुधा दोन वर्षे दरमहा ठरलेली रक्कम घेते. २००८ मध्ये आयफोन थ्रीजी भारतात आला तेव्हा ८ जीबीच्या फोनची किंमत ३१,००० रुपये होती. अमेरिकेत तोच १९९ डॉलर, त्या वेळच्या दराने साडेआठ हजारांच्या आसपास. इथे लूट चालली आहे असे लोकांना वाटले. पण १९९ डॉलर ही दोन वर्षांचा करार करणाऱ्यासाठीची किंमत होती, उरलेली किंमत महिन्याच्या बिलातून वसूल व्हायची. आपल्याकडे २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपये भरा आणि फोन घेऊन जा अशी योजना काढली होती, ती याच जातीची. अनेकींना आठवत असेल, त्या फोनमध्ये सिमकार्डच नसायचे, नंबर फोनमध्येच भरलेला. दुसऱ्या कंपनीकडे जायचे तर फोन डबा. आज आपल्याकडे बहुसंख्य ग्राहक प्रीपेड आहेत, फोन एकीकडे आणि रिचार्ज दुसरीकडे. मला हेच बरे वाटते.

इंग्लंडचा हिशेब नमुन्यादाखल करू. समजा फोन ४८० पौंडांचा. कॉन्ट्रॅक्ट महिना ३८ पौंड, २४ महिने, एकूण ९१२. वेगळा फोन घेऊन महिना १० पौंडांचे फक्त सिम घेतले तर दोन वर्षांचे ७२०. फरक १९२ पौंडांचा. शिवाय मधल्या काळात दरवाढ होते. १७ जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या करारांत किती पौंड आणि किती पेन्स वाढणार हे तिथल्या नियामकाने, ऑफकॉमने, आधीच लिहायला लावले आहे. ती ओळ करारात शोधावी. करार संपल्यावरही फोनच्या किमतीसह जुनेच बिल भरत राहणारे तिथे इतके होते, की मुदत संपत आल्याची सूचना ग्राहकाला देणे २०२० मध्ये कंपन्यांवर बंधनकारक झाले.

या मुलीचा प्रश्न मात्र त्याहून सरळ आहे. अभ्यासक्रम एक वर्षाचा आणि करार दोन वर्षांचा. मध्येच सोडला तर उरलेल्या महिन्यांचे पैसे मागतात. आणि नव्याने गेलेल्या विद्यार्थ्याची तिथे पत नोंदलेली नसते, त्यामुळे कंपनी अर्ज नाकारूही शकते. मग नातेवाईक आपल्या नावावर करून देतात, आणि आपण पुन्हा मालेगावच्या दिरांच्या कार्डापाशी येतो. आखातात नोकरीला जाणाऱ्या मुलांनाही हेच लागू : व्हिसा किंवा नोकरी कधी संपेल याची खात्री नसताना दोन वर्षांच्या करारावर सही करू नये.

तिने दोन सिमचा फोन इथूनच रोख विकत घेऊन जावा, बिल सोबत ठेवावे आणि तिथे पोचल्यावर एका महिन्याच्या मुदतीचे सिम घ्यावे. दुसऱ्या जागी इथले सिम चालू ठेवावे. भारतातल्या बँकेचे ओटीपी त्याच नंबरावर येतात, म्हणून निघण्यापूर्वी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे आणि नंबर बंद पडू नये एवढे रिचार्ज वडिलांनी इथून करत राहावे.